माळ्यावरची ट्रंक आणि मामाच्या 'तसल्या' कादंबऱ्या

गोडीशेव

मंडळी, सल्ला हवाय.

मोठे मामा जाऊन दोन वर्षं झाली. गिरगावातली चाळ आता पुनर्विकासाला गेलीय, महिन्याभरात खोली रिकामी करून द्यायची आहे. मामी चौऱ्याऐंशीची, म्हणून आवराआवरीला मी गेलो. माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढली. वर जुनी पंचांगं, त्याखाली वर्तमानपत्र, आणि त्याखाली कादंबऱ्या. नऊ वेगवेगळ्या, पण प्रत्येकीच्या वीसपंचवीस प्रती. मुखपृष्ठावर बहुतेक ठिकाणी एकच बाई, एकाच पावसात भिजलेली. लेखिका म्हणून एका बाईंचं नाव. टोपणनाव इथे देत नाही, मामी हयात आहे.

त्या 'लेखिका' म्हणजे आमचे मामा. सरकारी कचेरीत कारकून, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आमच्या मुंजीत भिक्षावळीला सगळ्यात पुढे.

प्रकाशक पैसे द्यायचा नाही, मानधनापोटी प्रती द्यायचा. मामा त्या विकू शकत नव्हते, भेट देऊ शकत नव्हते आणि रद्दीत घालायला जीव होत नव्हता. मामीने सांगितलं की एकदा त्यांनी दहा प्रती पिशवीत घालून लोकलच्या रॅकवर मुद्दाम 'विसरल्या'. तिसऱ्या दिवशी एक सज्जन पिशवी घेऊन थेट कचेरीत हजर. खूण म्हणून एका प्रतीत मामांच्या नावाचं सरकारी पाकीट राहिलं होतं. सगळ्या सेक्शनसमोर त्यांनी दहाच्या दहा प्रती मोजून दिल्या. आपण पेढे दिले पाहिजेत म्हणून मामांनी पेढेही आणले.

ट्रंकेत हस्तलिखितंही आहेत. मामा कचेरीतल्या वाया गेलेल्या फॉर्मांच्या पाठीवर लिहायचे. त्यातला एक कागद हातात आला. एका बाजूला पाणीपट्टीच्या थकबाकीचा तक्ता, दुसऱ्या बाजूला 'प्रकरण सातवे', नायिका डाकबंगल्याच्या व्हरांड्यात, बाहेर नदीला पूर. हा कागद चुकून फायलीत जाऊन साहेबांपर्यंत पोचलेला दिसतो. कारण खाली लाल शाईत शेरा आहे, सहीनिशी: "पाहिले. पुढील कागद सादर करावेत."

तर प्रश्न असा: ह्या ट्रंकेचं काय करू? रद्दी, ग्रंथालय की परत माळा? (नव्या घराला माळा नाही.)

खवचट_खारी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). "पुढील कागद सादर करावेत" हे मराठी समीक्षेतलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे.

दुपारचा_चहा

+१. साहेबांना साष्टांग दंडवत.

ओसरी

रद्दी. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? तसलं लेखन तेव्हाही वाङ्मय नव्हतं, आता जुनं झालं म्हणून होणार नाही. जुनं ते सगळं सोनं म्हणायची आपल्याकडे साथच आलीय. आणि धागाकर्त्यांना खरंच सल्ला हवाय की मामांचे किस्से सांगायचेत?

गोडीशेव

@ओसरी, दोन्ही. लपवत नाही.

वकिलीण_बाई

ओसरीकाका, 'वाङ्मय आहे की नाही' हा प्रश्न एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय, तोही मराठी कथेवरून.

कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. पुण्यात कोणीतरी तक्रार केली, भारतीय दंडविधान कलम २९२, अश्लीलता. खाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी सोडलं. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं. दंड किती? पंचवीस रुपये! न भरल्यास आठवडाभर साधी कैद. शिवाय हाताशी असतील ते अंक नष्ट करा. काकोडकर त्या पंचवीस रुपयांसाठी दिल्लीला गेले आणि १९६९ साली जिंकले.

पण जिंकले कसे ते वाचा. न्यायालय म्हणालं, कथा अश्लील नाही. तिचा वाङ्मयीन दर्जा उंच नसेल, लेखकाची अपरिपक्वता आणि अपुरा अनुभवही तीत दिसत असेल, पण अश्लील नाही. सात वर्षं खटला लढून निर्दोष सुटायचं आणि निकालपत्रात 'लेखकाला अनुभव कमी' असं कायमचं छापून यायचं! पंचवीस रुपये भरलेले परवडले असते, असं मी असते तर म्हटलं असतं.

खवचट_खारी

अनुभव कमी म्हणजे नेमका कसला, ते न्यायालयाने स्पष्ट केलंय का?

वकिलीण_बाई

नाही. आणि बचावाच्या वकिलाने तो मुद्दा वाढवला नाही, हे त्याचं शहाणपण.

ट्रामवाला

कोलकात्याहून. आमच्याकडे ह्याहून लांबलेलं प्रकरण आहे. समरेश बसूंची 'प्रजापति' ही कादंबरी 'देश' ह्या बंगाली नियतकालिकाच्या १९६७ च्या पूजा अंकात आली आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात सुटली. अठरा वर्षं. तुमचे दिवाळी अंक आणि आमचे पूजा अंक, दोन्हीकडे सणासुदीलाच लोकांच्या भावना का दुखावतात कळत नाही.

दुपारचा_चहा

कारण दिवाळीत सगळे घरी असतात आणि अंक एकच असतो. आमच्याकडे तो वडिलांनी वाचून मग कपाटात वर ठेवला की समजायचं, ह्यात काहीतरी आहे. खुर्चीवर स्टूल ठेवून काढायचो. स्टूलाचा एक पाय छोटा होता, कपाळावर खूण अजून आहे. आईला वाटतं ती क्रिकेटची.

झुंजारभक्त

एक तक्रार नोंदवतो. 'तसलं लेखन' म्हणत सगळ्यांना एका टोपलीत घालू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार, काळा पहाड वाचून आमच्यासारख्या गिरणगावातल्या पोरांना वाचनाची सवय लागली. त्यात चावटपणा औषधालाही नव्हता. आणि काकोडकरांच्या ज्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' निघाला, ती कौटुंबिक गोष्ट. एकत्र कुटुंब, थोरला भाऊ, डोळ्याला पदर. गंमत म्हणजे निकाल १९६९ चा आणि सिनेमाही १९६९ चा. त्याच वर्षी देशाने त्यांच्या गोष्टीवर थेटरात रुमाल भिजवले.

पिवळी पुस्तकं हा वेगळा धंदा. ती पिन मारलेली, बिनमुखपृष्ठाची, फुटपाथवर इंग्रजी शिका-पुस्तकांच्या खाली मिळायची. मामा त्यातले नव्हते असं वाटतं.

गोडीशेव

@झुंजारभक्त, मान्य. मामा मधले. काही धड सांगायचं नाही आणि सगळं सांगितल्यासारखं करायचं. एक उतारा देतो: "तिच्या उरोजांच्या उन्नत उभारावरून उष्ण उसासा उतरला." पुढे काय उतरलं ते नाही.

खिळे_आणि_शाई

थांबा थांबा! हे वाक्य आमच्या वडिलांच्या छापखान्यात जुळलेलं असणार. नसेल तर ह्याची भावंडं तरी जुळलेली आहेत.

वडिलांचा पुण्यात छोटा छापखाना होता, खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरं हाताने जुळवायचे. प्रत्येक अक्षराचे खिळे मोजके. मराठीत शब्दाच्या सुरुवातीला 'उ' तसा कमी लागतो, म्हणून पेटीतल्या त्याच्या कप्प्यात खिळे थोडेच असायचे. आणि ह्या कादंबऱ्यांमधलं सगळं चांगलं सामान 'उ' नेच सुरू होतं. उरोज, उसासा, उन्माद, उत्कट, उत्तान, उघडी पाठ, उष्ण श्वास. सोळा पानं एकदम छापायची, तो एक फॉर्म. तो छापून होईपर्यंत त्यातले खिळे अडकलेले. आठव्या-नवव्या पानाला कंपोझिटर ओरडायचा, "मालक, उ संपले!" मग वडील लेखकाला निरोप पाठवायचे: उरलेल्या पानांत नायिकेला जरा गार करा. एका लेखकाने उलट निरोप दिला होता, "गार करतो, पण मग फॉर्ममागचे पैसे पूर्ण द्या."

दुसरी टंचाई टिंबांची. "तो जवळ आला..... आणि....." असल्या एका पानाला एवढी टिंबं लागायची की शेजारच्या छापखान्यातून उसनी आणायला मी गेलेलो आहे. वय वर्षं नऊ. "काका, वडिलांनी मूठभर टिंबं मागितलीत." ते विचारायचे, "कीर्तन छापताय की दुसरं काही?"

खवचट_खारी

मूठभर टिंबं..... आता ह्या धाग्यावरही तुटवडा होणार.....

निर्मळ_विहीर

सगळे हसताय, मीही हसले. पण मी ह्या कादंबऱ्या दुपारी आईच्या पाळतीवर राहून वाचलेल्या आहेत, तेव्हा एक बोलते. लायब्ररीत ह्यांचं गिऱ्हाईक फक्त पुरुष होते हा गैरसमज आहे. आमच्या आळीतल्या निम्म्या बायका भाजीच्या पिशवीत खाकी कव्हर घालून नेत होत्या. त्यांना नायिकेच्या भिजण्यात रस नव्हता, ती एकटी गावोगाव नोकरी करत फिरते ह्यात होता. नर्स, शिक्षिका, ग्रामसेविका. स्वतःच्या पगारावर खोली घेऊन राहणारी बाई तेव्हा आमच्या आळीत एकही नव्हती.

पण त्याच नायिकेला पुढे कोणी विचारत नाही, हेही खरं. तिचा 'नको' लेखकाने कधी खरा धरला नाही. त्यामुळे निव्वळ गोड आठवण म्हणून ह्याकडे बघता येत नाही मला.

ओसरी

निर्मळताईंशी सहमत. म्हणूनच म्हटलं, रद्दी.

निर्मळ_विहीर

मी रद्दी म्हटलेलं नाही हो काका. मला एक प्रत हवीय.

गोडीशेव

निर्मळताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री हस्तलिखितं नीट पाहिली. मामांचं अक्षर निळ्या शाईत, आणि समासात पेन्सिलीने दुसरं अक्षर. बारीक, शाळामास्तरणीसारखं. मामीचं!

थोडे नमुने देतो.

"नऊवारीची गाठ अशी एका ओढीत सुटत नाही. एकदा नेसून बघा."

"खेड्यातल्या वाड्यात बटण दाबून दिवा कसा मालवला? कंदील करा."

"आदल्या पानावर हिचे डोळे घारे होते."

"पौर्णिमा म्हणताय आणि चांदण्यात काजवे चमकताहेत. दोन्ही नको."

आणि एका प्रसंगाशी, जिथे नायक दार लावून घेतो, फक्त चार शब्द: "हिला कोणी विचारलं का?" मामांनी ते अख्खं पान आडव्या रेघेने खोडलंय. छापील पुस्तकात ते नाही. बाकी दोन कादंबऱ्यांत तसलेच प्रसंग आहेत आणि तिथे समास कोरा आहे. का ते मला विचारवलं नाही.

निर्मळ_विहीर

मामींना माझा नमस्कार सांगा.

एडिसनकर

अमेरिकेतून. मामींचं नऊवारीवालं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ह्या संपादक आपल्याला मिळाल्या असत्या तर मराठी मालिका सुधारल्या असत्या. बाकी वाचतोय, पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

दुपारचा_चहा

मामींना आधीपासून माहीत होतं तर मग! मला वाटत होतं चोरून चाललेलं.

गोडीशेव

मामा चोरूनच लिहीत होते. मामीला कळलं ते एका भक्तामुळे. इचलकरंजीचे एक गृहस्थ, सूत व्यापारी, प्रकाशकाकडून पत्ता काढून चाळीत आले. हातात खण-नारळ. मामीने दार उघडलं. ते वाकून नमस्कार करत म्हणाले, "बाई, तुमचं सगळं वाचलंय. तुमच्याइतकी मोकळी बाई बघितली नाही." मामी तेव्हा तिशीतली, हाताला पिठाचा गोळा. मामा कॉटवर पेपर तोंडासमोर धरून बसले होते आणि म्हणे पेपर उलटा होता.

मामीने शांतपणे खण घेतला, त्यांना चहा दिला, वर 'पुढची कधी येणार?' ह्याचं उत्तरही दिलं: "दिवाळीत." ते गेल्यावर मामांना एवढंच म्हणाली, "माझ्या नावावर लिहिताय तर निदान मला दाखवून लिहा."

खणाची चोळी तिने शिवली. ती पण ट्रंकेत आहे.

खवचट_खारी

दोन मिनिटं शांत बसलो. मग पुन्हा हसलो.

वकिलीण_बाई

@गोडीशेव, त्या भक्ताने पुढे पत्रं पाठवली का?

गोडीशेव

दर पाडव्याला. उत्तरं मामी लिहायची. ह्या भानगडीत मला पडायचं नाही.

कंदी_पेढा

धागा आज बघितला. सातवं प्रकरण, डाकबंगला, नदीला पूर... माझ्या अंगावर काटा आला. ही नायिका पाटबंधारे खात्यातल्या ओव्हरसियरची बहीण आहे का? आणि बंगल्याच्या खानसाम्याला एक डोळा नाही?

१९७७ साली कराडला लायब्ररीतून दहा पैसे रोजाने ही कादंबरी आणली होती. दहावीचं वर्ष. रात्री घोंगडीत बॅटरी घेऊन वाचत होतो. ती व्हरांड्यात उभी, तो जिना चढून येतो, पान ९६ संपलं. उलटलं तर पान ११३! तिथे सकाळ झालेली, ऊन पडलेलं आणि ती पोहे खातेय. मधली पानं गायब. आधीच्या कोणीतरी लांबवली म्हणून लायब्ररीवाल्याशी भांडलो, त्याने मलाच चोर ठरवून पाच रुपये अनामत जप्त केली. दहावीला दोन मार्कांनी पहिला वर्ग हुकला, त्याचं श्रेयही मी त्या सोळा पानांना देतो.

गोडीशेव, तुमच्याकडे कोऱ्या प्रती आहेत. पान ९७ ते ११२ चे फोटो टाका. इतकी वर्षं वाट पाहिलीय.

खिळे_आणि_शाई

कंदीराव, ती पानं कोणी फाडलेली नाहीत. गणित करा. सहा फॉर्म म्हणजे ९६ पानं. सातवा फॉर्म म्हणजे ९७ ते ११२. अख्खा फॉर्मच बांधणीत आलेला नाही. चोर फाडतो तेव्हा असा सोळाचा हिशेब पाळत नाही.

दुपारचा_चहा

पोहे खातेय म्हणजे सुखरूप आहे. एवढं पुरे ना?

कंदी_पेढा

नाही.

गोडीशेव

कंदीराव, ओव्हरसियरची बहीण, एकाक्ष खानसामा, सगळं बरोबर. आणि वाईट बातमी. ट्रंकेत ह्या कादंबरीच्या २३ प्रती आहेत. तेवीसच्या तेवीस प्रतींत ९६ नंतर ११३ आहे.

हस्तलिखितात सातव्या प्रकरणाचा एकच कागद आहे, तो शेऱ्याचा. पुढचे नाहीत. मामीला फोन केला. ती हसायलाच लागली.

तो कागद खाली आला तेव्हा मामांना वाटलं, नोकरी गेली. दोन दिवस जेवले नाहीत. पण साहेबांचा लेखी आदेश होता, "सादर करावेत". न मानणं म्हणजे पुन्हा शिस्तभंग. त्यांनी पुढचे सगळे कागद टाचून, त्यावर टिपणी जोडून, आवक-जावक नोंद करून रीतसर सादर केले. ते परत आले नाहीत. विचारायची हिंमत झाली नाही. साहेब सहा महिन्यांनी बदलून गेले.

इकडे दिवाळी तोंडावर. छापखान्याने सातव्या फॉर्मची जागा सोडून पुढचं जुळवून टाकलं होतं. मामांना पुन्हा तसं लिहिता येईना. प्रकाशक वैतागून म्हणाला, बांधा तसंच, लायब्ररीत वाचणाऱ्याला वाटेल कोणीतरी फाडली. आणि झालंही तसंच. अख्ख्या महाराष्ट्रातून एकही तक्रार आली नाही. उलट, मामी म्हणते, ह्यांची सगळ्यात खपलेली कादंबरी तीच.

खवचट_खारी

म्हणजे ते प्रकरण सबंध पृथ्वीतलावर एकाच माणसाने वाचलंय. लाल शाईवाल्याने.

कंदी_पेढा

आणि मामींनी! समासात खुणा करायला त्यांनी वाचलं असणारच. विचारा ना प्लीज.

गोडीशेव

विचारलं. म्हणाली, "पाऊस होता. आणि ह्यांनी तिला पायऱ्या उतरताना हातात समई दिली होती, वाऱ्यात. मी म्हटलं विझेल. कंदील करा." बाकी काही आठवत नाही म्हणते. मला वाटतं आठवतंय.

ट्रंकेचं म्हणाल तर तिनेच निकाल लावला. निर्मळताईंना एक संच, कंदीरावांना एक प्रत, बाकी ट्रंक तिच्याबरोबर नव्या घरी जाणार, कॉटखाली. ओसरीकाकांना हवं असेल तर विचार म्हणाली.

ओसरी

पत्ता संपर्कातून कळवतो. ट्रंकेत वाळवीची गोळी टाका.

वकिलीण_बाई

@कंदी_पेढा, निराश होऊ नका. ते कागद टिपणी जोडून, आवक-जावक नोंद होऊन गेलेत. म्हणजे ते आता सरकारी अभिलेख आहेत. 'ड' वर्गात टाकले असतील तर वर्षभरातच गेले असतील. पण साहेबांनी 'अ' वर्गात टाकले असतील तर ते कायम जतन. माहिती अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये.

कंदी_पेढा

खात्याचं नाव सांगा. 'मागितलेल्या माहितीचे स्वरूप' ह्या रकान्यात काय लिहू?

खिळे_आणि_शाई

"पान ९७ ते ११२....." टिंबं मी देतो.